गोळा फोडू नका, गोठवा

जीवाश्म असण्याची शक्यता असलेला दगडी गोळा मिळाला की हात आधी हातोडीकडे जातो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मझॉन क्रीकचे गोळे असतील तर तो आवरावा. हे गोळे उघडायचे खरे साधन म्हणजे पाण्याने भरलेला प्लास्टिकचा डबा आणि घरातला फ्रीझर. हातोडीचीही गरज पडते, पण अगदी शेवटी आणि हलक्या हाताने. याचे कारण गोळा कसा तयार झाला त्यात आहे.

शिकागोच्या नैर्ऋत्येला साधारण शंभर किलोमीटरवर, ग्रंडी, विल आणि कँककी या काउंट्यांमध्ये हा पट्टा येतो. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताजवळ होती. तिथल्या दलदलीतल्या झाडांचा पुढे दगडी कोळसा झाला. मग समुद्र आत आला, दलदल बुडाली आणि नद्यांनी आणलेला बारीक गाळ तिच्यावर भराभर साचला. त्या गाळाचा आज फ्रान्सिस क्रीक शेल नावाचा करडा खडक झाला आहे. नेच्याची पाने, कोळंबीसारखे प्राणी, शिंपले, किडे, हाडे नसलेले मऊ जीव असे जे काही त्या गाळात पडले, ते पूर्ण कुजण्याआधीच गाडले गेले.

कुजणे थांबले मात्र नाही. जिवाणूंनी मृतदेहावर काम सुरू केले, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटला आणि गाळातल्या पाण्यात भरपूर असलेल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन मृतदेहाभोवती सिडेराइट, म्हणजे लोहाचे कार्बोनेट, साचू लागले. पाण्यात सल्फेट, म्हणजे गंधकाचे संयुग, जास्त असते तर लोह गंधकाकडे गेले असते आणि सिडेराइटऐवजी पायराइट झाले असते. नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे सल्फेट कमी पडले आणि सिडेराइटची सरशी झाली. अशा तऱ्हेने एखाद्या गाभ्याभोवती खनिज साचून घट्ट झालेल्या गोळ्याला काँक्रिशन म्हणतात.

हे सगळे गाळ दबण्याच्या आधी घडले. नंतर वरच्या थरांच्या वजनाने आजूबाजूचा गाळ चपटा झाला, पण घट्ट झालेल्या गोळ्याच्या आत जीव बराचसा आपल्या मूळ जाडीचा राहिला. म्हणूनच शेलचे पातळ थर गोळ्याला वळसा घालून जाताना दिसतात. आणि जीव जिथे पडला होता ती पातळी गोळ्याच्या आतली सर्वांत कच्ची जागा ठरली. हातोडीचा घाव जिथे पडेल तिथून दगड तोडतो. गोठणारे पाणी मात्र कच्ची जागा स्वतः शोधते.

इथे एक गल्लत टाळायला हवी. जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातले, आत स्फटिक असलेले पोकळ गोळे हे काँक्रिशन नव्हेत. ते लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर खनिजे साचून झाले आहेत. त्यात जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही. उलट देवघरातला शाळिग्राम हे खरे काँक्रिशन आहे. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात तो मिळतो आणि त्यातले चक्र म्हणजे ज्युरासिक काळातल्या अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याचे वेटोळे कवच.

मझॉन क्रीक हा मुळात छोटा प्रवाह. त्याच्या काठावर गोळे सापडतात हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत होते, पण मोठा साठा उघड्यावर आणला तो कोळशाच्या उघड्या खाणींनी. कोळशाच्या थरापर्यंत पोचण्यासाठी वरचा शेल खोदून बाजूला टाकला जाई. त्या ढिगाऱ्यांवरचा मऊ शेल पावसाने भुगा होऊन वाहून गेला आणि टणक गोळे पृष्ठभागावर उरले. यातली सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे पीबॉडी कंपनीची अकरा नंबरची खाण. आज तिचा बराच भाग ब्रेडवुड अणुवीज केंद्राला थंड पाणी पुरवणाऱ्या तलावाखाली आहे. सर्वसामान्यांना गोळे गोळा करता येतात अशी मुख्य जागा म्हणजे मझोनिया-ब्रेडवुड हे राज्य सरकारचे मासेमारी व वन्यजीव क्षेत्र. तिथे जीवाश्मांसाठी परवाना लागतो आणि हंगाम १ मार्च ते ३० सप्टेंबर असा असतो. परवान्यावर अवजारांच्या आणि प्रमाणाच्या अटी असतात. त्या वाचून, परवाना खिशात ठेवूनच जावे. बाकीचे बहुतेक ढिगारे खासगी मालकीचे आहेत. मालकाला विचारल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये.

जायचे तर मार्च-एप्रिलमध्ये. हिवाळ्यातल्या गोठण्या-वितळण्याने ढिगाऱ्यांची कातडी सुटलेली असते, गवत अजून वाढलेले नसते आणि गोचिडांचा त्रासही कमी असतो. मे महिन्यानंतर हिरवळीखाली काहीच दिसत नाही. वर गोचीड आणि पॉयझन आयव्ही, म्हणजे स्पर्शाने अंगावर फोड आणणारी वेल, या दोन्हींपासून जपावे लागते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली आणि घरी आल्यावर अंगाची तपासणी, एवढे केले तर पुरते.

शोधायचे काय? करड्या शेलवर उठून दिसणारा तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखा फुगलेला लंबगोल दगड. तांबडा रंग गंजाचा असतो, कारण हवा-पाण्याने बाहेरच्या सिडेराइटमधले लोह गंजते. ताज्या खोदाईतला, आतून-बाहेरून निळसर करडा गोळाही चांगला असतो, पण तो उघडायला फार वेळ घेतो. हवा-पाणी लागलेल्या गोळ्यात आतली कच्ची पातळी आधीच थोडी सैल झालेली असते. उचलून पाहिला की गोळा आकाराच्या मानाने जड लागतो. सिडेराइटची घनता ३.९ च्या आसपास असते, वाळूतल्या क्वार्ट्झची २.६५. फसवणारे दगड दोन प्रकारचे: ढिगाऱ्यांतला कोळसा पेटून भाजून निघालेला लाल शेल आणि वालुकाश्माचे ढेकळ. पहिला हलका आणि कडांना तीक्ष्ण असतो, दुसऱ्यावर नख फिरवले की कण सुटतात.

गोळ्याचा आकार कधीकधी आतल्या पाहुण्याचा सुगावा देतो. लांबट, चपटा गोळा बहुधा पानाचा, जवळजवळ गोल गोळा मऊ प्राण्याचा. यावर पैज मात्र लावू नये. निसर्गतःच उघडलेला अर्धा गोळा दिसला तर दुसरा अर्धा उतारावर खालच्या बाजूला, एक-दोन मीटरच्या आत शोधावा. जीवाश्माचा ठसा आणि त्याचा प्रतिठसा दोन्ही मिळाले तरच नमुना पूर्ण होतो. गोळे जागेवर फोडण्याचा मोह टाळावा. उडालेली ढलपी गवतात पडली की संपलीच.

आणखी एक गोष्ट मैदानातच करायची. प्रत्येक जागेचे गोळे वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवायचे: कोणता ढिगारा, कोणती तारीख. कारण इथे दोन वेगळ्या जीवसृष्टी आहेत. ब्रेडवुड समूहात जमिनीवरची झाडे, किडे, गोम्या आणि गोड्या-मचूळ पाण्यातले प्राणी येतात. एसेक्स समूहात उथळ समुद्रातले प्राणी येतात. पिशव्या एकत्र झाल्या की नमुन्याची अर्धी माहिती पुसली गेली, आणि ती नंतर कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

आता घरची कामे. गोळे जुन्या टूथब्रशने घासून धुवावेत आणि एक-दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावेत. ही पायरी गाळणाऱ्यांचे गोळे महिनोन्‌महिने तसेच राहतात, कारण कोरड्या दगडात गोठायला पाणीच नसते. मग एक-दोन लिटरचे आइस्क्रीमचे प्लास्टिकचे डबे घ्यावेत. काचेची बरणी चालत नाही, ती पहिल्याच रात्री तडकते. डब्यात गोळे ठेवून त्यांच्या वर एक-दोन सेंटिमीटर येईल इतके पाणी भरावे आणि तोंडाशी दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, त्याला वर जायला वाट हवी. वीस लिटरची बादली फ्रीझरमध्ये घालण्यात शहाणपण नाही. ती मध्यापर्यंत गोठायला कित्येक दिवस लागतात आणि वितळायला त्याहून जास्त.

चोवीस तास गोठवणे, चोवीस तास खोलीच्या तापमानाला वितळवणे, ही एक फेरी. बर्फ पूर्ण वितळू द्यावा, मगच नव्याने पडलेल्या भेगेत पाणी शिरते आणि पुढच्या फेरीत पाचरीचे काम करते. प्रत्येक फेरीनंतर गढूळ पाणी ओतून टाकावे, गोळे एकेक करून बोटांनी तपासावेत, उघडलेले बाजूला काढावेत, बाकीचे लगेच ताज्या पाण्यात. मधल्या काळात ते सुकू देऊ नयेत. काही गोळे चार-पाच फेऱ्यांत उघडतात, बरेच दहा-वीस फेऱ्या घेतात आणि काही हट्टी पन्नासनंतरही जागचे हलत नाहीत. शिकागोच्या परिसरात राहणाऱ्यांना, आणि त्यात मराठी घरे कमी नाहीत, हिवाळा हे काम फुकट करून देतो. डबे अंगणात ठेवायचे. मात्र महिनाभर सलग उणे तापमान ही एकच फेरी धरावी लागते. उपयोगी पडतात ते दिवसा वितळणारे आणि रात्री गोठणारे दिवस.

गोळ्याच्या कडेने भेगेची रेघ पूर्ण फिरलेली दिसली की हातोडीची पाळी येते. गोळा एका कडेवर उभा धरून पक्क्या दगडावर टेकवावा आणि वरच्या कडेवर, रेघेवरच, दोन-अडीचशे ग्रॅमच्या हातोडीने टकटक करावे. फुगीर बाजूवर घाव घातला तर गोळा आडवा तुटतो आणि पानाचे दोन तुकडे होतात. डोळ्यांना गॉगल हवाच, सिडेराइटची कपची काचेसारखी धारदार असते. काही गोळ्यांचे बाहेरचे गंजलेले पापुद्रे आधी सुटतात. ते म्हणजे गोळा ‘रिकामा’ असल्याचे लक्षण नव्हे, आतला गाभा पुन्हा पाण्यात टाकावा. विस्तवावर तापवून पाण्यात बुडवणे किंवा मायक्रोवेव्ह हे उपाय मात्र कधीही करू नयेत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो, आणि तो तोंडावर फुटतो.

बहुतेक गोळ्यांत काहीही नसते, किंवा ओळखू न येणारा डाग असतो. हे आधीच मान्य केलेले बरे. त्या डागांची गोष्ट मात्र मजेची आहे. एसेक्सच्या ढिगाऱ्यांवर सर्वांत जास्त सापडणाऱ्या बिनआकारी ठशांना संग्राहक तुच्छतेने ‘ब्लॉब’ म्हणत आणि बरेच जण ते तिथेच टाकून येत. एसेक्सेला असे नाव मिळालेला हा प्राणी १९७९ पासून जेलीफिश मानला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याला उलटे करून पाहिले आणि तो समुद्रपुष्प, म्हणजे सी ॲनिमोन, असल्याचे दाखवले. त्या अभ्यासाला आधार मिळाला तो संग्रहालयात साठवलेल्या हजारो ‘ब्लॉब’चाच. नाव न लागणारा गोळा फेकू नये, एवढे सांगायला हे पुरे.

दुसरा गाजलेला पाहुणा म्हणजे टली मॉन्स्टर. फ्रान्सिस टली या हौशी संग्राहकाने तो १९५० च्या दशकात शोधून शिकागोच्या फील्ड म्युझियमला दाखवला. १९६६ मध्ये त्याला टुलिमॉन्स्ट्रम ग्रेगेरियम हे शास्त्रीय नाव मिळाले आणि १९८९ मध्ये तो इलिनॉयचा राज्य-जीवाश्म झाला. लांब सोंड, तिच्या टोकाला दात असलेला जबडा, आडव्या दांडीच्या दोन टोकांना डोळे. हा प्राणी पृष्ठवंशीय होता की नव्हता यावर २०१६ पासून परस्परविरोधी शोधनिबंध येत आहेत आणि वाद मिटलेला नाही. इलिनॉयबाहेर तो कुठेही सापडलेला नाही.

उघडलेल्या गोळ्याची सफाई कमीत कमी करावी. मऊ ब्रश आणि पाणी बहुधा पुरते. पानांवर दिसणारी पांढरी मऊ पूड बरेचदा केओलिनाइट नावाची माती असते. तिच्यामुळे शिरा उठून दिसतात, तेव्हा ती राहू द्यावी. कडक पांढरे कवच कॅल्साइटचे असेल तर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटे ठेवून ब्रश मारावा आणि मग दिवसभर साध्या पाण्यात ठेवावे. आधी रिकाम्या गोळ्यावर प्रयोग करून पाहावा आणि शिंपल्यांच्या बाबतीत व्हिनेगर टाळावे. तुटलेले तुकडे जोडायला ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळ सर्वांत चांगले, कारण चूक झाली तर ते पुन्हा विरघळते. झटपट चिकटणारे सुपरग्लू तशी संधी देत नाही. चमक येण्यासाठी वार्निश फासणे हा तर नमुन्याचा सत्यानाश आहे.

दोन्ही अर्ध्यांच्या बाहेरच्या बाजूला पॅरालॉइडचा छोटा ठिपका देऊन, तो सुकल्यावर त्यावर काळ्या शाईने एकच क्रमांक आणि पुढे ‘अ’ व ‘ब’ लिहावे, वरून पुन्हा एक हात द्यावा. त्याच क्रमांकाखाली वहीत जागा आणि तारीख. ओळख पटवण्यासाठी अर्थ सायन्स क्लब ऑफ नॉर्दर्न इलिनॉय या हौशी मंडळींच्या संस्थेची मदत होते.

साठवणुकीत खरा शत्रू दमटपणा. काही गोळ्यांत सोनेरी पायराइट असते. ते हवेतल्या ओलाव्याने सडते, त्यातून आम्ल सुटते आणि नमुन्यावर पिवळट पांढरी पूड दिसू लागते. शिकागोच्या कोरड्या तापलेल्या घरात हे वर्षानुवर्षे होत नाही. तोच गोळा मुंबईत किंवा कोकणात आणला तर एका पावसाळ्यात होऊ शकते. असा नमुना घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, जेलचा रंग बदलला की पुड्या वाळवाव्यात आणि पूड दिसताच तो बाकीच्या संग्रहापासून वेगळा करावा.