निवृत्त नौदल विमानं आणि छपराचा प्रश्न : पार्श्वभूमी

११ मे २०१६ रोजी गोव्याच्या नौदल तळावर सी हॅरियर या बोटीवरून उडणाऱ्या लढाऊ विमानांना निरोप देण्यात आला. तेव्हापासून एक प्रश्न अधूनमधून डोकं वर काढतो : ही विमानं लोकांना दाखवायची तर नेमकी कुठे आणि कशी, उघड्यावर की छपराखाली? २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि हवाई दलाच्या बाजूनंही तोच प्रश्न समोर आला. मिग-२१ची गोष्ट थोडी वेगळी आहे. ही विमानं नाशिकजवळ ओझरला शेकड्यांनी तयार झाली, त्यामुळे एखाददुसरं कुठल्या चौकात गंजलं तरी मागे पुष्कळ उरतील, असं म्हणता येतं. सी हॅरियरबाबत ही चैन नाही. भारतानं एकूण घेतली तीसच्या आसपास, आणि त्यातली निम्म्याहून अधिक अपघातांत गेली.

जुनी विमानं जपायची असतात हे आपल्याकडे तसं उशिरा सुचलं. पुण्याच्या लोहगाव तळावर असलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं १९६८च्या अखेरीस निवृत्त झाली. महायुद्ध संपल्यावर कानपूरला भंगारात टाकलेली ही विमानं बंगळूरच्या कारखान्यानं पुन्हा उडती केली होती. जगात इतरत्र तोवर लिबरेटर फारशी शिल्लक नव्हती. म्हणून ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातली संग्रहालयं इथे आली आणि आपण टाकून दिलेली विमानं घेऊन गेली. ब्रिटनला गेलेलं विमान इमारतीच्या आत ठेवलेलं आहे, हे पुढच्या सगळ्या चर्चेच्या दृष्टीनं लक्षात ठेवण्यासारखं.

नौदलाच्या विमानांचा इतिहास १९५३ सालच्या सीलँड या पाण्यावर उतरणाऱ्या विमानापासून सुरू होतो. खरी सुरुवात मात्र १९६१ची. त्या वर्षी विक्रांत ही विमानवाहू बोट आली आणि तिच्यासोबत सी हॉक हे जेट आणि पाणबुड्या शोधणारं अलिझे. १९७१च्या युद्धात ४ डिसेंबरपासून सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगावावर केलेले हल्ले सर्वांना ठाऊक आहेत, त्यांची उजळणी नको. १९८३ साली सी हॉक निवृत्त झालं आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला पहिली सी हॅरियर गोव्यात दाबोळीला उतरली. पुढची तेहतीस वर्षं, आधी विक्रांत आणि मग विराट, अशी ती खेळली. १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांची सी हॅरियर ज्या हर्मिसवरून लढली तीच बोट १९८७ साली विराट होऊन आपल्याकडे आली. त्या अर्थानं विमान आणि बोट यांची जोडी भारताच्या आधीपासूनची.

आता मुद्दा. सी हॅरियरसारखं विमान संग्रहालयासाठी तयार करणं म्हणजे धुऊन रंग मारणं नव्हे. आधी ते निर्धोक करावं लागतं. वैमानिकाच्या खुर्चीखाली तिला बाहेर फेकणारी स्फोटकं असतात, ती काढायची. कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर जवळून पाहिलं तर नागमोडी जाड रेघ दिसते. बऱ्याच जणांना ती तडा वाटते. प्रत्यक्षात ती स्फोटक दोरी असते. खुर्ची सुटण्याच्या क्षणी झाकणाचा चुरा व्हावा म्हणून ती चिकटवलेली असते, आणि ती निकामी केल्याशिवाय विमानाजवळ शाळेची सहल आणता येत नाही. मग इंधन, हायड्रॉलिक तेल, ऑक्सिजनच्या बाटल्या.

इंजिनाचा वेगळाच व्याप. या विमानाच्या पोटातल्या पेगासस इंजिनाला बाजूंना चार फिरणारी तोंडं आहेत, ती खाली वळवली की विमान जागच्या जागी वर उचलतं. ते इंजिन बाहेर काढायचं तर आधी अख्खा पंख उचलावा लागतो, कारण दोन्ही बाजूंचा पंख एकसंध आहे आणि तो इंजिनाच्या वर झाकणासारखा बसवलेला आहे. क्रेन, उचलण्याचे योग्य पट्टे (स्लिंग) आणि हे काम पूर्वी केलेली माणसं, तिन्ही हाताशी असतील तरच यात पडावं. इंजिन काढलं की वजनाचा तोल बिघडतो, म्हणून आत भार ठेवावा लागतो. चाकांची मांडणीही जगावेगळी : मुख्य चाकं एकामागे एक पोटाखाली आणि पंखांच्या टोकांना दोन सडपातळ आधारचाकं. टायर बसले की विमान कलतं, म्हणून शहाणे लोक वजन टायरवर न ठेवता लोखंडी घोड्यांवर घेतात.

रंगावरून होणारे वाद मोठ्या चवीनं होतात. १९८३ची वरून गडद करडी, खालून पांढरी छटा द्यायची की नंतरची सगळीकडे एकसारखी करडी? नंतरच्या काळात यातल्या काही विमानांना इस्रायली रडार आणि नवी क्षेपणास्त्रं मिळाली. तशा विमानाला १९८३चा रंग दिला तर तो खोटा इतिहास ठरतो, असं जाणकारांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. पण माझ्या मते रंगाच्या वादात जी खरी हानी होते तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. विमानाच्या अंगावर शेकडो बारीक सूचना छापलेल्या असतात : इथे पाय देऊ नका, इथे जॅक लावा, इथून दोर ओढा. कंत्राटदार तकतकीत ऑइलपेंट मारतो तेव्हा पहिला बळी त्यांचा जातो. दुसरा बळी पोटाखालच्या बारीक भोकांचा. आत शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात. रंगानं ती बुजली की विमान वरून नवं कोरं दिसतं आणि आतून पाण्यात उभं असतं.

इथूनच छपराचा वाद सुरू होतो. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदल विमान संग्रहालय १९९८ साली उघडलं. इमारतीत इंजिनं, शस्त्रं, छायाचित्रं आहेत आणि विमानं बाहेर अंगणात. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, त्यातले बोल्ट पोलादाचे. दोन धातूंच्या मधे खारं पाणी आलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रंगाखाली फोड येतात, मग धातूचे पापुद्रे सुटतात. सेवेत असताना समुद्रावरून उडून आलेलं विमान गोड्या पाण्यानं धुण्याचा शिरस्ता असतो. निवृत्तीनंतर मीठ तेच राहतं, धुणारे हात जातात.

उघड्यावर ठेवण्याच्या बाजूनं जे मुद्दे मांडले जातात ते सगळेच फोल नाहीत. मोठी शेड म्हणजे मोठा खर्च, आणि पत्र्याच्या शेडमध्ये हवा खेळली नाही तर दमट उष्णतेनं वेगळंच नुकसान होतं. विमान आभाळाखालीच शोभतं, हेही खरं. सगळ्यांत वजनदार मुद्दा सुपर कॉन्स्टेलेशनचा. पूर्वी प्रवासी वाहतूक करणारं, मग हवाई दलातून नौदलाकडे आलेलं हे चार इंजिनांचं विमान गोव्याच्या अंगणात उभं आहे. त्याच्या पंखांचा पसारा साडेसदतीस मीटर. त्याला छप्पर घालायचं म्हणजे खरोखरीचं हँगर बांधायचं.

पण हा मुद्दा एका विमानाचा आहे आणि तो बाकी सगळ्यांच्या माथी मारला जातो. बोटीवरची विमानं बनवलेलीच असतात कमीत कमी जागेत मावावीत म्हणून. सी हॉकचा पसारा सुमारे १२ मीटर, पंख दुमडले की जेमतेम ४. अलिझे साडेपंधरा मीटरचं, दुमडल्यावर ७. सी हॅरियरचे पंख दुमडत नाहीत, पण ते मुळात पावणेआठ मीटरचे, आणि नाकाचं टोक बाजूला वळवलं की साडेचौदा मीटर लांबीचं विमान पावणेतेरा मीटरमध्ये बसतं. बोटीच्या पोटात, लिफ्टनं खालीवर करत, खेटून ठेवण्यासाठी आखलेली ही यंत्रं. देशातल्या लढाऊ विमानांत छपराखाली ठेवायला सर्वांत सोपी हीच, आणि आज उघड्यावर उभी आहेत तीही हीच. जागा नाही हे कारण मला पटत नाही. दुमडलेल्या पंखांचं विमान फोटोत चांगलं दिसत नाही, हे कारण पटतं.

शिवाय या विमानांना एक तयार छप्पर होतं, आणि ते मुंबईत होतं. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून गेली. तिचं तरंगतं संग्रहालय करायचं ठरलं आणि २००१ पासून लोकांना आत जाता येऊ लागलं. ज्या हँगरमध्ये सी हॉक आणि अलिझे ठेवली जात, तोच हँगर त्यांचं दालन झाला असता. याहून योग्य जागा कागदावरही सुचणार नाही. पण बोट ही इमारत नव्हे. तिला ठरावीक वर्षांनी गोदीत घेऊन तळ खरवडावा लागतो, पत्रा बदलावा लागतो, आणि हा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कुणाच्या नावावर टाकायचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही. खासगी भागीदार शोधण्यात वर्षं गेली, सरकारं बदलली. २०१२ साली असुरक्षित म्हणून ती लोकांना बंद झाली. २०१४ मध्ये साठेक कोटींना विकली गेली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात शेवटचा अडथळा दूर झाला आणि नोव्हेंबरात मुंबईतल्या दारूखाना या जहाजं तोडण्याच्या जागी तोडकाम सुरू झालं. त्या पोलादातलं काही पुण्याच्या एका कंपनीनं घेतलं आणि २०१६ साली मोटरसायकलच्या टाकीत वापरलं. त्या मोटरसायकली खपल्याही.

२०१४चा निर्णय चुकीचा होता असं भावनेच्या भरात म्हटलं जातं. तोवर बोट खरोखरच वाचवण्यापलीकडे गेली होती, हे मान्य करायला हवं. चूक १९९७ ते २००१ मधली. तिला कायमची कोरड्या जागेत, पाण्याबाहेर बसवायचं की तरंगत ठेवायचं, हा निर्णय तेव्हा घ्यायचा होता. तरंगत ठेवणं स्वस्त वाटलं आणि तेच महागात पडलं.

विराटच्या वेळी हे सगळं माहीत होतं. ६ मार्च २०१७ रोजी ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ तिचं संग्रहालय आणि सागरी पर्यटन केंद्र करायला मान्यता दिली. खर्चाचा आकडा ८५२ कोटी. मालवणच्या बाजूला तेव्हा या प्रकल्पाची मोठी हवा होती. पुढे पैसा उभा राहिला नाही. २०२० साली ती साडेअडतीस कोटींना भंगारात गेली आणि सप्टेंबरात मुंबईहून गुजरातेत अलंगला, जहाजं तोडण्याच्या किनाऱ्यावर नेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयानं तोडकामाला स्थगिती दिली खरी, पण एप्रिलपर्यंत बोटीचा मोठा भाग तुटल्याचं स्पष्ट झालं आणि याचिका निकालात निघाली. सी हॅरियरचं दुसरं छप्परही असं गेलं.

याच काळात विशाखापट्टणमला वेगळी वाट धरली गेली. तामिळनाडूतल्या अरक्कोणमच्या नौदल तळाहून निवृत्त झालेलं टीयू-१४२ हे प्रचंड टेहळणी विमान एप्रिल २०१७ मध्ये स्वतः उडत तिथे गेलं. मग त्याचे भाग सुटे करून ते किनाऱ्याच्या रस्त्यावर आणलं, पुन्हा जोडलं, आणि डिसेंबरात लोक त्याच्या आत चढू लागले. आठ महिन्यांत काम झालं. कारण एकच : जागा, पैसा आणि देखभाल कुणाकडे, हे विमान उतरण्याआधी ठरलेलं होतं. पुढे त्याच परिसरात सी हॅरियरही आलं. वेगाचं कौतुक जरूर व्हावं, पण टीयू-१४२ तिथेही उघड्यावरच आहे आणि समोर बंगालचा उपसागर आहे. मीठ दोन्ही किनाऱ्यांवर सारखंच.

सध्या नौदल संग्रहालयांना किंवा शहरांना विमान देताना ते निर्धोक करून देतं, पुढची देखभाल घेणाऱ्यावर येते. घेणारा बहुतेक वेळा उद्घाटनापुरता खर्च धरतो : वाहतूक, क्रेन, चौथरा, रंग. विमान खांबावर तिरकं चढवायचं असेल तर सांगाड्यात पोलादी आधार घुसवावा लागतो आणि मग ते परत खाली उतरवून नीट दुरुस्त करण्याचा मार्ग जवळपास संपतो. दर तीन-चार वर्षांनी पुन्हा रंग, त्याखाली पुन्हा बुजलेली भोकं. एका सी हॅरियरला पंधरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद, तिन्ही बाजूंनी उघडी, वरून उतरती शेड पुरते. कोकणात आंब्याच्या पेट्या भरायला याहून मोठ्या शेड उभ्या राहतात.