पिलाटीसमधला श्वास: मुळातला किती, नंतरचा किती

पिलाटीस या व्यायामपद्धतीत एकाच व्यायामाला दोन शिक्षक उलटसुलट श्वास सांगतात आणि दोघेही आपलीच पद्धत मूळची असल्याचे म्हणतात. हा गोंधळ जुना आहे.

ही पद्धत घडवणारे जोसेफ पिलाटीस यांचा जन्म १८८३चा, जर्मनीतला. लहानपणी दमा आणि मुडदूस, त्यामुळे श्वास हा त्यांच्यासाठी घरचाच प्रश्न होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने त्यांना जर्मन नागरिक म्हणून आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध ठेवले. १९२०च्या दशकात ते न्यूयॉर्कला गेले. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. विल्यम मिलर यांच्यासह लिहिलेल्या १९४५च्या पुस्तकात त्यांनी मॅटवरचे ३४ व्यायाम दिले. फुप्फुसांतली शिळी हवा कपडा पिळावा तशी पिळून काढा, मग ताजी हवा आपोआप आत येईल, हा त्यांचा आग्रह. म्हणजे भर उच्छ्वासावर.

‘हंड्रेड’ या व्यायामात हे स्पष्ट दिसते. पाठीवर झोपून डोके आणि पाय उचलायचे, हात मांडीलगत वरखाली हलवायचे. ५ हालचालींत श्वास आत, ५ हालचालींत बाहेर, अशा १० आवर्तनांचे १००. पुस्तक मात्र पहिल्याच दिवशी १०० करायला सांगत नाही. २०पासून सुरुवात करून ५-५ने वाढवायचे. ही सूचना बहुतेक वर्गांत गाळली जाते, आणि मान अवघडण्याचे मोठे कारण तेच.

१९६७मध्ये पिलाटीस गेले आणि शिष्यांच्या वाटा फुटल्या. रोमाना क्रिझानोव्स्का यांनी गुरूने दिलेला क्रम सांभाळला. नृत्यातून आलेल्या रॉन फ्लेचर यांनी दातांतून सीत्कार काढत सोडायच्या उच्छ्वासाला वेगळीच शिस्त दिली. पुढे फिजिओथेरपीच्या अंगाने आलेल्या शिक्षकांनी ‘जोर लावताना श्वास सोडा’ हा नियम रूढ केला. त्यामागे शरीरशास्त्र आहे: जोराने श्वास सोडताना पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आवळतो, बरगड्या मिटतात, पाठ पुढे वाकवणे सोपे जाते. मागे वाकताना उलट, बरगड्या उघडाव्या लागतात, म्हणून श्वास आत.

पण हा नियम मूळच्या ३४ व्यायामांना तंतोतंत बसत नाही. चेंडूसारखे गोल होऊन लोळण्याच्या व्यायामात पाठ पूर्ण वाकलेली असते, तरी मागे जाताना श्वास आत घ्यायचा आणि वर येताना सोडायचा. इथे श्वास हालचालीचा ठेका धरतो. शिवाय पोट आत ठेवलेले असल्यामुळे हवेला पाठीकडच्या बरगड्यांतच जागा करावी लागते. सोयीसाठी श्वास उलटा केला तर चालते. मात्र पाठीचा हा ताण हातचा जातो, हे ठाऊक असावे.

गोव्यात यात आणखी एक गाठ पडते. इथे मॅटवर येणारे अनेकजण योगासनांतून आलेले असतात आणि त्यांना पोट फुगवून श्वास घ्यायची सवय असते. विश्रांतीत ते उत्तमच. पण ‘हंड्रेड’मध्ये पोट फुगले की कंबर जमिनीवरून सुटते आणि दुखू लागते. त्यापेक्षा नाट्यसंगीत किंवा ख्याल शिकलेल्यांना ही गोष्ट लवकर उमगते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या जयपूर-अत्रौली गायकीत लांब आलापासाठी जो दमसास लागतो, त्यात उच्छ्वास पुरवून वापरणे मुख्य. खांदे उचलून भरलेला श्वास तिथेही टिकत नाही.

तपासायला पंचा पुरतो. छातीच्या खालच्या बरगड्यांभोवती तो गुंडाळून टोके समोर फुलीसारखी धरावीत. श्वास घेताना पंचा दोन्ही कुशींत आणि पाठीत ताणला पाहिजे; सोडताना टोके हलकेच ओढून बरगड्या मिटू द्याव्यात. खांदे कानांकडे चढले, तर हवा गळ्याशीच थांबली. उच्छ्वास फार जोरात केला, तर दाब खाली ओटीपोटावर येतो. बाळंतपणानंतर हे विशेष टाळावे. श्वास रोखला तर रक्तदाब चढतो. भराभर मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून गरगरते. पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या दमट खोलीत तर चटकन.

‘हंड्रेड’मध्ये पाचव्या आकड्याआधीच श्वास संपत असेल, तर ३ आत आणि ३ बाहेर करावे, पाय गुडघ्यांत वाकवावेत, डोके उशीवर टेकवावे. हातांचा ठेका तेवढा तसाच ठेवावा.