शुगर ग्लायडरची हाडं रक्तात विरघळतात तेव्हा

जेमतेम 100 ते 150 ग्रॅम वजनाचा शुगर ग्लायडर केळ्याचा तुकडा पुढच्या पायांत धरून खातोय, असे व्हिडिओ मोबाइलवर सारखे दिसतात. खाली सल्ला असतो : केळं, सफरचंद, द्राक्षं द्या, वर थोडा मध चाटवा, झालं! या सल्ल्याने हा जीव पांगळा होऊ शकतो.

'उडती खार' म्हणून विकला जात असला तरी खारींशी त्याचं नातं फार दूरचं. तो कांगारूसारखा पोटात पिशवी असलेला, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा प्राणी. तिथल्या रानात फळं त्याच्या वाट्याला क्वचितच येतात. उन्हाळ्यात कीटक, कोळी, मकरंद, परागकण. आणि थंडीत कीटक कमी झाले की बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक नि निलगिरीचा रस. डिंकातल्या लांबलचक शर्करासाखळ्या त्याच्या मोठ्या अंधांत्रातले (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतले) जिवाणू आंबवून फोडतात. बाभळीचा डिंक म्हणजे मुख्यतः अॅरॅबिक आम्लाचे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम क्षार. म्हणजे गोडव्याबरोबर कॅल्शियमही पोटात जातं.

केळ्यात ते जवळजवळ नाही. 100 ग्रॅम केळ्यात कॅल्शियम सुमारे 5 मिलिग्रॅम, फॉस्फरस 22. द्राक्षांत 10 आणि 20. खरं तर आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने, शक्यतो दुप्पट हवं. नुसते रातकिडे दिले तरी तीच गत, कारण त्यांचं कवच कायटिनचं असतं, चुन्याचं नाही.

रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीखाली जाऊन चालत नाही. स्नायू आणि हृदय त्यावर चालतात. ते घसरू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड विरघळवू लागतात. हाड ही शरीराची ठेव. ती मोडून रोजचा खर्च भागतो. हाडातून कॅल्शियमसोबत फॉस्फेटही सुटतं. ते मूत्रपिंडावाटे बाहेर टाकण्याचा हुकूम तेच संप्रेरक देतं, पण खाण्यातून फॉस्फरस येतच राहतो. जादा फॉस्फेट मूत्रपिंडात ड जीवनसत्त्व सक्रिय होऊ देत नाही, म्हणून आतड्यात कॅल्शियम आणखी कमी शोषलं जातं, आणि ग्रंथी पुन्हा हाडाकडे वळतात. त्यामुळेच हाडं पोकळ होत असतानाही रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक दिसू शकतं.

गावरान मधाने हाडं बळकट होतात, हा निव्वळ भ्रम आहे. मधात सुमारे 80 टक्के साखर असते, कॅल्शियम नावापुरतं.

पशुवैद्य साधारणपणे निम्मा आहार मकरंदासारख्या पातळ मिश्रणाचा आणि निम्मा कीटक व इतर प्रथिनांचा सुचवतात. मिश्रणात मध, उकडलेलं अंडं, जीवनसत्त्वं आणि खनिजं असतात. कीटकांना आधी एक-दोन दिवस कॅल्शियमयुक्त खाद्य खिलवावं आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. हा निशाचर, ऊन जवळजवळ घेत नाही, म्हणून ड जीवनसत्त्वही खाण्यातूनच द्यावं लागतं. प्रमाण मात्र पशुवैद्याला विचारूनच. फळ द्यायचंच तर पपई किंवा संत्र्याची लहानशी फोड; त्यांत कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं. वेगवेगळे तुकडे ठेवले तर हा गोड तेवढं वेचतो, बाकीचं टाकतो. म्हणून सगळं एकत्र वाटून द्यावं.

उडी आखूड पडू लागली, मागचे पाय ओढत चालू लागला, की घरगुती उपायांत वेळ घालवू नका. अशा प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या आणि एक्स-रे काढा. लवकर उपचार झाले तर पायांत पुन्हा बळ येऊ शकतं.