सर्व्हरची डिस्क बदलताना आम्ही काय करतो

लिनक्स सर्व्हरची डिस्क भरली की मेल अडकतात, सामायिक फोल्डरमध्ये फाइल सेव्ह होत नाही. तरी नवी डिस्क मागवण्याआधी सर्व्हर एकदा आम्हाला पाहू द्या. कधी कधी मोठी लॉग फाइल (सर्व्हरवरच्या कामाच्या नोंदींची फाइल) पुसलेली असते, पण एखादा प्रोग्राम ती उघडी धरून बसलेला असतो. तो रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते आणि तुमचा खर्च वाचतो.

डिस्क खरंच लागणार असेल, तर आधी बॅकअप. तो आहे यावर आम्ही थांबत नाही. त्यातल्या काही फाइल्स परत काढून उघडून बघतो. २ टीबीच्या पुढच्या डिस्कवर डिस्कचे भाग पाडण्याची जुनी एमबीआर पद्धत पुरत नाही, म्हणून नवी जीपीटी पद्धत वापरतो.

कॉपी 'आरसिंक' या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने, दोन फेऱ्यांत. पहिली फेरी तुमचं काम चालू असतानाच होते, तिला रात्रभर लागली तरी हरकत नाही. दुसरीआधी मेल, सांबा (सामायिक फोल्डर चालवणारा प्रोग्राम), डेटाबेस सगळं बंद करतो. मधल्या वेळात जे बदललं तेवढंच जातं, त्यामुळे सर्व्हर बंद राहण्याचा वेळ कमी होतो. "डेटाबेस बंद न करता नाही का जमणार?" असं बरेच जण विचारतात. चालू डेटाबेसच्या फाइल्स नुसत्या उचलल्या तर कॉपी अर्धवट निघू शकते, आणि ते कळतं फार उशिरा. ही जोखीम आम्ही घेत नाही.

फाइलचा मजकूर पोचला म्हणजे झालं, असंही नाही. ती कोणाच्या मालकीची, कोणाला वाचता येते, हेही जसंच्या तसं जायला हवं. नाहीतर हिशेब विभागाचं फोल्डर हिशेब विभागालाच उघडत नाही. हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलची अनेक नावं, सांभाळल्या नाहीत, तर एकच फाइल अनेकदा कॉपी होऊन नवी डिस्कही भरते.

मग सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये डिस्कची नोंद यूयूआयडीने, म्हणजे रीस्टार्टनंतरही न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने करतो, कारण 'एसडीबी'सारखी नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. त्या फाइलमधली एक चुकीची ओळ सर्व्हर सुरू होणं अडवू शकते. म्हणून तुमच्यासमोर एकदा रीस्टार्ट करूनच आम्ही निघतो. त्या वेळी रोजच्या फाइल्स ओळखणारं तुमचं एक माणूस हजर हवं.

जुनी डिस्क काढून, तारीख लिहून तुमच्याच कपाटात ठेवा. महिनाअखेरचं काम नव्या डिस्कवर एकदा पार पडेपर्यंत ती पुसू नका.