कातकरीवाडी आणि घरठाणाचा प्रश्न

कोकण किनारपट्टीवर, विशेषतः रायगड जिल्ह्यात, मूळ गावठाणापासून हटून असलेली कातकरी या आदिवासी जमातीची वस्ती म्हणजे कातकरीवाडी. घर त्यांचे, घराखालची जागा, म्हणजे घरठाण, बहुतेक वाड्यांत खाजगी मालकाची, वनखात्याची नाहीतर सरकारची. याला सरसकट अतिक्रमण म्हणणे चूक आहे. शेतात राबायला आणि राखणीला माणसे हाताशी हवीत म्हणून खोत-सावकारांनीच अनेक कुटुंबे आपल्या माळावर वसवली होती. खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, 1949 च्या कायद्याने गेली. सातबाऱ्यावर कुळांची नावे लागली, कातकऱ्यांची लागायची राहून गेली.

जुने घर मेढींवर उभे, भिंत कारवीच्या कुडाची, वर शेणमातीचा लिंपा. दिवाळीनंतर कुटुंबे उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दरम्यान घर बंद असते. जागेला कुंपण पडण्याची भीती याच महिन्यांत जास्त.

घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीचा उतारा) यांवर भिस्त ठेवली जाते. त्यांतून राहणे सिद्ध होते, जागेची मालकी नाही. तरी पावत्या फेकू नयेत. मतदार यादी, रेशनकार्ड, वीजबिल यांच्या जोडीने त्याच कामी येतात. सातबाऱ्यावर घरांचा उल्लेखच नसेल तर खरेदीदाराला जमीन कागदोपत्री मोकळी दिसते.

खाजगी जागेसाठी 1948 च्या कूळकायद्याची कलमे 16 ते 18 महत्त्वाची आहेत. स्वखर्चाने बांधलेल्या घरातून कुळाला काढता येत नाही आणि मालकाने जागा विकायला काढली तर घेण्याचा पहिला हक्क कुळाचा. कलम 18 हेच संरक्षण शेतमजुरांना आणि गावकारागिरांना देते. अर्ज तहसीलदाराकडे करायचा. अर्जदार शेतमजूर आहे हे दाखवणे अवघड जाते, कारण वर्षातले निम्मे महिने तो भट्टीवर असतो. बारा वर्षांच्या प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ताबा ठेवल्याने जागा आपली झाली असा, दावा इथे सहसा टिकत नाही: मालकाच्या परवानगीने राहणे म्हणजे प्रतिकूल कब्जा नव्हे.

वनजमिनीवर वाट वेगळी. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवून ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दावा करायचा. पडताळणी पुरी होईपर्यंत हुसकावता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो.

कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिवासी जमातींसाठी केंद्राने 2023 मध्ये आणलेल्या पीएम-जनमन योजनेत घरकुलाला 2 लाख रुपये मिळतात. जागा मात्र आधी लागते.