कॅरेक्टर खोटं असलं तरी जीव खराच जडतो

सिरीज संपली किंवा आवडतं कॅरेक्टर मेलं की दोन दिवस कशातच लक्ष लागत नाही, आणि घरी सांगायला जावं तर "अगं खोटं असतं ते सगळं" एवढंच ऐकायला मिळतं. खोटं आहे हे आपल्याला काय माहीत नसतं का! माहीत असूनही जीव जडतोच.

यावर अभ्यास बराच जुना आहे. 1956 साली हॉर्टन आणि व्होल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी अशा एकतर्फी नात्याला 'पॅरासोशल' म्हटलं, तेव्हा ते रेडिओ-टीव्हीवरच्या लोकांबद्दल बोलत होते, पण कादंबरीतल्या आणि सिरीजमधल्या पात्रांनाही ते तितकंच लागू पडतं. 2008 चा एक प्रयोग तर मला फार आवडतो. आपल्याला कोणी बघत असलं की सोपं काम झटपट होतं आणि अवघड कामात हात अडखळतो, हे आधीपासून माहीत होतं. या प्रयोगात लोकांसमोर नुसता आवडत्या टीव्ही कॅरेक्टरचा फोटो ठेवला तरी तसंच झालं! म्हणजे फोटोसमोरसुद्धा आपण थोडे सावरून बसतो.

2023 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या 19 फॅन्सचा मेंदू स्कॅन केला होता, त्यांना स्वतःबद्दल, खऱ्या मित्रांबद्दल आणि सिरीजमधल्या पात्रांबद्दल विचार करायला लावून. मेंदूच्या पुढच्या भागात मित्र आणि पात्रं वेगवेगळी दिसली, पण जे जास्त एकटे होते त्यांच्यात हा फरक पुसट झालेला होता. अर्थात 19 जण म्हणजे फारच थोडे, त्यामुळे लगेच स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका.

'फ्रेंड्स' 2004 ला संपली तेव्हाही विद्यार्थ्यांना विचारून बघितलं होतं. ज्यांचा आवडत्या पात्रावर जास्त जीव त्यांना जास्त त्रास, आणि एकटेपणानेही त्यात भर पडलेली. तरी खऱ्या ब्रेकअपपेक्षा हा त्रास कमी होता, हे त्यातल्या त्यात बरं.

मग करायचं काय? माझ्या मते पहिलं म्हणजे स्वतःला वेडं म्हणणं बंद करा, रडू आलं तर रडा, आणि तीच सिरीज बघितलेल्या मैत्रिणीशी मनसोक्त बोला, कारण तिला "खोटं असतं ते" हा डायलॉग सुचणारच नाही. तोच एक सीन रात्री दोन वाजता परत परत बघत असाल तर ते जरा कमी करा, झोप गेली की सगळंच जड वाटतं. आणि त्या पात्रात नेमकं काय आवडलं ते लिहून काढा, ते ऐकून घेतं, की टाकून बोलत नाही, की ठामपणे उभं राहतं? बरेचदा तिथे आपल्याला काय हवंय आणि रोजच्या आयुष्यात काय मिळत नाहीये ते दिसतं.

हॉर्टन-व्होलनी तेव्हाच लिहून ठेवलंय की असं नातं असणं हा आजार नाही, ते खऱ्या माणसांची जागाच घ्यायला लागलं तर मात्र प्रॉब्लेम. कॉलेज-ऑफिस बुडतंय, मित्रांचे फोन टाळले जातायत, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर सायकॉलॉजिस्टकडे जा, किंवा सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फ्री आहे आणि मराठीतही बोलता येतं.