रस्त्याला हवी अरुंद, हवेला हवी रुंद

‘उडणारी मोटार आली, आता वाहतूककोंडीतून सुटका’ ही बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी झळकतेच. सोबत बहुतेक वेळा तेच दृश्य असतं. स्लोव्हाकियातली एक पांढरी, टोकदार गाडी धावपट्टीवर उतरते, पंख दुमडून पोटात घेते आणि तशीच शहरात निघून जाते. दृश्य खरं आहे. श्टेफान क्लाइन यांची ही ‘एअरकार’ २८ जून २०२१ रोजी नित्रा विमानतळावरून उडाली आणि ३५ मिनिटांत ब्रातिस्लाव्हाला पोचली. जानेवारी २०२२ मध्ये तिला तिथल्या सरकारी यंत्रणेकडून उड्डाणयोग्यतेचा दाखलाही मिळाला. पण ती उडाली विमानतळावरून आणि उतरली तीही विमानतळावरच. कोंडीत अडकलेल्या माणसाला तिचा काय उपयोग? त्याला आधी त्याच कोंडीतून विमानतळ गाठावा लागणार.

आपल्या मनातली उडती मोटार वेगळीच असते. सिग्नलला उभी असताना जागच्या जागी वर उठणारी. ती अजून का झाली नाही याचं उत्तर शाळेत शिकलेल्या दोन सूत्रांत आहे, आणि मला खरं तर त्या सूत्रांबद्दलच लिहायचं आहे. पण आधी थोडा इतिहास.

ग्लेन कर्टिस यांनी १९१७ सालीच न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात पंख लावलेली मोटार मांडली होती. तिने जमिनीवरून उड्या मारल्या, उडाली अशी नाही. १९४७ मध्ये कॉनव्हेअर कंपनीने मोटारीच्या टपावर आख्खं विमान बसवलं. गाडीला वेगळं इंजिन, विमानाला वेगळं. त्याच वर्षी ते कॅलिफोर्नियात इंधन संपून कोसळलं. वैमानिकाने चुकून मोटारीच्या टाकीचा काटा पाहिला, असं सांगितलं जातं. तो थोडक्यात बचावला. १९७३ चा प्रयोग मात्र जिवावर बेतला. फोर्ड पिंटो गाडीला सेसना विमानाचे पंख आणि शेपूट जोडलेलं यंत्र हवेत मोडलं आणि त्यात ते बनवणाऱ्याचा आणि त्याच्या साथीदाराचा मृत्यू झाला. या सगळ्यांत शहाणा निघाला मोल्टन टेलर. त्याच्या ‘एरोकार’ला १९५६ मध्ये अमेरिकी सरकारची रीतसर मान्यता मिळाली. रस्त्यावर असताना ती स्वतःचेच पंख ट्रेलरसारखे मागे ओढत न्यायची. अशा गाड्या बनल्या जेमतेम अर्धा डझन.

आता मुद्द्याचं. हवेत जागच्या जागी तरंगायचं तर खालच्या दिशेने हवा फेकत राहावी लागते. हवेपेक्षा जड गाडीला दुसरा मार्ग नाही. गाडीचं वजन माणसांसकट १००० किलो धरू. ते तोलायला सुमारे ९८०० न्यूटन बल लागेल. न्यूटनच्या नियमाप्रमाणे हे बल म्हणजे दर सेकंदाला फेकलेल्या हवेचं वस्तुमान गुणिले तिचा वेग. सेकंदाला २४५ किलो हवा ४० मीटर वेगाने फेका, किंवा ४९० किलो हवा २० मीटर वेगाने फेका. गुणाकार तोच येतो आणि गाडी दोन्ही वेळा तरंगते.

किंमत मात्र सारखी पडत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या पर्यायात दर सेकंदाला १९६ किलोज्यूल, म्हणजे १९६ किलोवॉट शक्ती लागते, दुसऱ्यात ९८. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू ढकलणं केव्हाही स्वस्त. हेलिकॉप्टरची पाती एवढी लांब का असतात, ते यातून कळतं.

पुष्कळ हवा पकडायची तर पंख्याचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं. गंमत अशी की हवेला मिळणाऱ्या एकूण वेगाचा निम्मा वाटा तिला पंख्यापर्यंत येतानाच मिळतो आणि उरलेला निम्मा पंख्याखाली. म्हणजे शेवटी ४० मीटर वेगाने जाणारी हवा पंख्याच्या प्रतलातून २० मीटर वेगाने जाते. हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो. १.२२५ गुणिले २० गुणिले क्षेत्रफळ बरोबर २४५, यातून क्षेत्रफळ येतं १० चौरस मीटर. ९८ किलोवॉटमध्ये भागवायचं असेल तर हेच गणित ४० चौरस मीटर मागतं. थोडक्यात, क्षेत्रफळ चौपट केलं की शक्ती निम्मी लागते. हे सगळं आदर्श, घर्षणबिर्षण विसरलेलं गणित आहे. प्रत्यक्षात दीडपटीच्या आसपास धरावं.

छोटी हॅचबॅक रस्त्यावर सुमारे सात चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे बॉनेटपासून डिकीपर्यंत इंच न इंच पंख्यांनी झाकला तरी आपल्याला १० चौरस मीटरसुद्धा मिळत नाहीत. ४० चौरस मीटरच्या एका पंख्याचा व्यास सात मीटरच्या वर जातो, आणि तो घेऊन एका लेनमध्ये गाडी चालवता येत नाही. रस्त्याला गाडी अरुंद हवी आहे, हवेला ती रुंद हवी आहे. गेल्या शंभर वर्षांतली सगळी डोकेफोड या एका भांडणाभोवती फिरते.

तरीही हट्टाने १० चौरस मीटरमध्ये बसवलं, तर खाली जाणारी हवा सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. सिग्नलवरून अशी गाडी उठली तर शेजारच्या दुचाकीस्वारांचं काय होईल, याची कल्पना कोकणातल्या वाचकांना मी द्यायला नको.

मग विमानाला हे कसं जमतं? पंखसुद्धा हवा खालीच ढकलतो. पण पुढे धावत असल्यामुळे त्याला दर क्षणी नवी हवा भेटते. तेच १००० किलो वजन, १० मीटर लांबीचे पंख आणि ताशी १८० किलोमीटर वेग घ्या. असा पंख सेकंदाला जवळजवळ पाच हजार किलो हवेला हात घालतो आणि तिला फक्त दोन मीटर वेगाने खाली सारतो. वजन तोलायची शक्ती फक्त १० किलोवॉट. हवा कापत जाण्याचा खर्च धरला तरी ५०-६० किलोवॉटमध्ये काम होतं, म्हणजे साध्या हॅचबॅकच्या इंजिनाएवढं. म्हणूनच क्लाइन यांची गाडी मोटारीच्या इंजिनावर उडते. पण तिला धावपट्टी लागते आणि पंख लागतात. आपल्याकडे पार्किंगमध्ये स्कूटर घासून गेली की आपण हळहळतो आणि विसरतो. पोचा आलेल्या पंखाने उडायला मात्र कोणता वैमानिक तयार होईल?

यात बॅटरीची भर घाला. आजच्या चांगल्या बॅटरीसंचात किलोमागे सुमारे २०० वॉट-तास ऊर्जा मावते. पेट्रोलमध्ये साधारण १२ हजार. इंजिन त्यातलं पाऊण वाया घालवतं हे मान्य, तरी तफावत पंधरापट उरते. ३०० किलोची बॅटरी म्हणजे ६० युनिट, आपल्या वीजबिलातलंच युनिट. आपली १० चौरस मीटरवाली गाडी तोटे धरून २८० किलोवॉट खात तरंगली, तर १३ मिनिटांत बॅटरी रिकामी. शिवाय सगळ्यांत जास्त शक्ती लागते उठताना आणि उतरताना, आणि नेमकी उतरतानाच रिकामी होत आलेली बॅटरी कमी विद्युतदाब देऊ लागते.

म्हणून आजच्या यंत्रांनी मधला मार्ग काढला आहे. उठताना पंखे वर तोंड करून, एकदा वेग घेतला की पुढे वळवून, आणि वजन पंखांवर सोपवून. कॅलिफोर्नियाच्या जोबी कंपनीच्या पाच आसनी विमानाला असे सहा पंखे आहेत आणि २०२१ मध्ये त्याने एका चार्जवर २४० किलोमीटरहून जास्त अंतर कापून दाखवलं. पण त्याचा पंखविस्तार बारा मीटरच्या घरात आहे. हे शांत, छोटं, विजेवरचं विमान आहे आणि ते रस्त्यावर कधीच येणार नाही. जर्मनीच्या लिलियमने याच वाटेवर उलटं टोक गाठलं होतं: नळीत बसवलेले ३६ इवलेसे पंखे. दिसायला देखणं, पण वरचं गणित लावा, एकूण क्षेत्रफळ लहान म्हणजे तरंगताना भूक प्रचंड. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, डिसेंबरमध्ये जर्मनीच्याच फोलोकॉप्टर या उडत्या टॅक्सीच्या कंपनीनेही. पैसा आटणं हे निमित्त खरंच होतं. पण लिलियमचा पैसा आटवण्यात त्या पंख्यांचाही हात असावा, असं मला वाटतं.

हा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट काढतंच. तळपद्यांच्या जिद्दीबद्दल आदर आहे, पण ते विमान उडाल्याचा त्या काळचा भरवशाचा पुरावा कोणी दाखवलेला नाही. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं दिसलं. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्यावर व्याख्यान झालंच. पश्चिमेकडेही असले भक्त कमी नाहीत. पॉल मोलर यांनी आपल्या ‘स्कायकार’साठी कित्येक दशकं लोकांचे पैसे घेतले आणि शेवटी ती दोराला बांधून थोडीशी तरंगली. २००३ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने त्यांच्यावर खटला भरला होता. पुराण असो की प्रसिद्धीपत्रक, पंख्याचं क्षेत्रफळ विचारायला हरकत नसावी.

पुढे काय होईल? चीनने ‘ईहांग’च्या दोन आसनी, वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्राला ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रमाणपत्र दिलं. १६ पंखे, पंख नाहीत, म्हणून पल्लाही तुटपुंजा. आपल्याकडे चेन्नईच्या आयआयटीतून निघालेली ‘ईप्लेन’ आणि बंगळूरची ‘सरला एव्हिएशन’ या कामात आहेत. विमानतळावरून शहरात, खाडीपलीकडे, अवयव किंवा रुग्ण पोचवायला अशी यंत्रं येतील, असं मला वाटतं. कोंडी मात्र ती फोडणार नाहीत. उतरण्याचा एक तळ दोन-तीन मिनिटांना एक विमान घेऊ शकला तरी तासाला जास्तीत जास्त तीस फेऱ्या होतात, म्हणजे फेरीला चार जण धरले तर सव्वाशेच्या आत प्रवासी. बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसं नेते आणि तिच्यामागे तीन-चार मिनिटांत दुसरी येते.

रस्ता आणि हवा यांच्या भांडणावर सध्याचा सर्वांत प्रामाणिक तोडगा मला चीनच्या एक्सपेंगचा वाटतो. त्यांनी एकाच यंत्राने दोन्ही कामं करण्याचा नाद सोडला. सहा चाकांची मोठी व्हॅन, आणि तिच्या मागच्या कप्प्यात हात दुमडून बसलेलं दोन आसनी उडतं यंत्र. किंमत २० लाख युआनच्या आत ठेवू, असं कंपनी म्हणते. टेलरची मोटार पंख मागे ओढायची, ही व्हॅन आख्खं विमान पोटात घेऊन फिरते. शहराबाहेर मोकळं मैदान गाठायचं, यंत्र बाहेर काढायचं, पंख्यांचे हात फाकवायचे आणि उडायचं. मोटार तोवर खालीच उभी.